साडेसहा लाटांचा अणू

सोमवार, ३ मार्च

आज अपमान झाला. तोही कागदी कपातला कोमट चहा हातात देऊन.

नव्या विज्ञान-दालनाच्या मॅडमना अणू दाखवायला नेला होता. माझा अणू. मधोमध लाल-निळ्या गोळ्यांचं केंद्र, भोवती तारेची कडी, कड्यांवर बेअरिंगमधले छर्रे, प्रत्येक छर्ऱ्यावर इनॅमलचे दोन हात. शाळांसाठी प्रतिकृती करायला लागून पंचवीस वर्षं झाली. हृदय, मूत्रपिंड, ज्वालामुखी, सूर्यमाला, दात. पण खपतो तो अणू. इथली एकही प्रयोगशाळा माझ्या अणूशिवाय नाही.

मॅडमनी छर्रा बोटाने ढकलून पाहिला. हलला नाही. मी घट्ट बसवतो. म्हणाल्या, काका, हे आता नाही हो चालणार. इलेक्ट्रॉन अशी गोळी नसते. अणूमध्ये तो लाटेसारखा वागतो.

काका! वय बावन्न, आणि डोक्यावरचे केस अजून सगळे स्वतःचे.

विचारलं, लाट कशाची? पाण्याची की हवेची? म्हणाल्या, तशी कशाचीच नाही, ‘कशाची’ हे आपण जरा बाजूला ठेवू. बाजूला ठेवू! उद्या मी गिऱ्हाइकाला सांगू का, हे मूत्रपिंड घ्या, कशाचं ते बाजूला ठेवू?

पुढे म्हणे, गोळी खरोखर अशी गोल फिरत असती तर ऊर्जा सांडत सांडत क्षणात केंद्रावर जाऊन आदळली असती. माझ्या पंचवीस वर्षांत एकच छर्रा पडला आहे. तोही शिपायाच्या झाडूने.

मुद्द्याचं लिहितो. दालनाच्या मधोमध, मोठ्या दिव्याखाली, अणूची जागा आहे. खाली पितळी पाटी. पाटीवर करणाऱ्याचं नाव. माझ्या कुठल्याही वस्तूवर आजवर माझं नाव लागलेलं नाही. मोठ्या आतड्यावर कोण नाव घालतं? पण ही पाटी माझी आहे. सतरा तारखेला समिती बघायला येणार. लाटेचा अणू झाला तर पाटी माझी, नाही तर काम माझ्या मेहुण्याकडे.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे एक यंत्र आहे. ते टूथपेस्टसारखं प्लॅस्टिक पिळतं आणि त्याची वस्तू होते. तो शेजारी बसून मोबाइल बघतो. याला तो काम म्हणतो.

त्याचा नंबर मॅडमना कुणी दिला? हिने. विचारलं तर म्हणाली, अहो, तुम्हाला नाही जमलं तर घरातल्या घरात तरी राहील.

नाही जमलं तर!

संकल्प: चार दिवसांत लाटांचा संपूर्ण अभ्यास. लेथ, प्लास्टर, इनॅमल, मानवी शरीर, सगळं मी कुणापुढे पाटी घेऊन न बसता शिकलो. एक लाट काय मोठी!

मंगळवार, ४ मार्च. सकाळ

वाचनालयातून ग्रंथ आणला. चारशे ऐंशी पानं. रोज एकशे वीस. सरळ हिशेब.

संध्याकाळ

अकरा पानं झाली. दोष माझा नाही. नवव्या पानावर आधीच्या वाचकाने काहीतरी तेलकट खाल्लं आहे आणि बोट पुसलं आहे. डाग आरपार. त्यामुळे दहावं पानही गेलं. अशा लोकांना वाचनालयात घेतात कशाला? शिसारी आली. ग्रंथ वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला.

बुधवार, ५ मार्च

ग्रंथकार दर दोन ओळींनी एक अक्षर वापरतो, ते जेवणाच्या काट्यासारखं दिसतं. हा काटा म्हणजे लाट. काट्याचा वर्ग केला की इलेक्ट्रॉन कुठे सापडायची शक्यता किती, ते कळतं. तो नक्की कुठे आहे, ते मात्र सांगता येत नाही.

आमच्या प्लंबरला फोन केला की अगदी हेच उत्तर मिळतं. इथे असेन, तिथे असेन, शक्यता आहे. त्याचा कुणी सत्कार केल्याचं ऐकिवात नाही.

वाचन थांबवलं. माझी बुद्धी हातात आहे. प्रयोगच करतो.

गुरुवार, ६ मार्च

गॅलरीतली कपड्यांची दोरी सोडली. एक टोक गजाला, दुसरं हातात. हलवली. नुसता गोंधळ. हलवत राहिलो. हाताचा वेग एका ठरावीक ठिकाणी आला मात्र, आणि दोरी एकदम शहाणी झाली. मधोमध एक फुगवटा, जागच्या जागी वर-खाली. वेग वाढवला. पुन्हा गोंधळ, आणि मग दोन फुगवटे, मधला बिंदू अगदी स्थिर. आणखी वाढवला, तीन.

अडीच येईना.

मला अडीच हवे होते. दोन येतात, तीन येतात, तर अडीच का नाही? नाना प्रकारे हलवली. खांदा भरून आला. दोरीचा फटका कठड्यावर बसत होता. खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले आणि म्हणाले, अहो, धाडधाड कसली चाललीय? सांगितलं, अडीच येत नाहीयेत. ते म्हणाले, मग तीनवर थांबा ना.

अडाणी माणूस.

ही ओल्या कपड्यांची बादली घेऊन दारात उभी. म्हणाली, शास्त्र झालं असेल तर दोरी द्या.

शुक्रवार, ७ मार्च

समजलं! आंघोळ करताना समजलं.

दोरीची दोन टोकं एकमेकांना जोडली की झाला अणू. लाट गोल फिरून स्वतःच्याच शेपटीपाशी येते. उंचवट्यावर उंचवटा आला तर टिकते. उंचवट्यावर खळगा आला तर स्वतःलाच पुसून टाकते. म्हणून गोलात पूर्ण लाटाच मावतात. एक, दोन, तीन. अर्धीला प्रवेश नाही. म्हणूनच इलेक्ट्रॉनला अणूत कुठेही राहता येत नाही, ठरावीकच जागा. संपलं. एवढ्यासाठी त्या माणसाने चारशे ऐंशी पानं खर्च केली!

चपलांच्या दुकानात नेमकं हेच चालतं. आठ आहे, नऊ आहे. माझा पाय साडेआठ. पंचवीस वर्षं मी टाचा सोलून घेतो आहे आणि आता कळतं आहे की निसर्गही त्याच दुकानदारांना सामील आहे.

जेवताना समजावून सांगितलं. ही मान डोलवत होती. मेहुणा जेवायला होता (असतोच). गोल फिरवून ताट दाखवलं, काठावर बोटाने लाटा काढल्या, अर्धीला प्रवेश नाही हे तीनदा बजावलं. मेहुणा म्हणाला, हो भावोजी, मॅडमनी मलाही हेच सांगितलं.

म्हणजे मॅडम याच्याशी बोलल्या आहेत! मी ताट बाजूला सारलं. तो मात्र दुसऱ्यांदा भात घेत होता.

दुपारी मॅडमना फोन केला होता, तेही लिहून ठेवतो. माझा सिद्धांत ऐकून म्हणाल्या, वा काका, अगदी बरोबर. खरं तर ते कडंही नसतं, सगळीकडे पसरलेल्या ढगासारखं असतं, पण लोकांना सुरुवात कड्यापासून करून देऊ.

यांच्या प्रत्येक वाक्याच्या मागे ‘खरं तर’ लोंबत असतं. वीट आला.

शनिवार, ८ मार्च

स्टँड तयार. शिसवी, खाली तीन पाय, वर कड्यासाठी खाच. पॉलिशचे तीन हात. मी आधी स्टँड करतो आणि मग वस्तू. स्टँड झाला की वस्तूला पळून जाता येत नाही.

पट्टी पितळेची. खाचेच्या मापाने दोन मीटर साठ सेंटिमीटर कापली. घासली, चकाकवली, लॅकर मारलं. मेहुण्याचं पांढरं प्लॅस्टिक हिच्यापुढे अळीसारखं दिसेल.

रविवार, ९ मार्च

पट्टीत लाटा दाबायला साचा हवा. नवा करायचा तर चार दिवस. त्यापेक्षा माळ्यावरून मोठ्या आतड्याचा काढला. त्याच्या वळ्या अतिशय सुबक आहेत, आजवर एकाही शाळेची तक्रार नाही.

ही म्हणाली, अणूला आतड्याचा साचा?

म्हटलं, आकार आकार असतो. त्याला काय माहीत तो कुठला आहे?

ती म्हणाली, बघा बाई. हे ‘बघा बाई’ मला अजिबात आवडत नाही.

मंगळवार, ११ मार्च

पाच लाटा दाबून झाल्या. अप्रतिम. सहावी झाली. अप्रतिम.

मग वीस सेंटिमीटर उरले.

साच्याची एक लाट चाळीस सेंटिमीटर पट्टी खाते. दोन मीटर साठमध्ये साडेसहा लाटा. हा भागाकार कुणीतरी आधी करायला हवा होता. पण घरात मी कामात असताना बाकीचे काय करतात, हा प्रश्न आहे.

उपाय लिहून बघतो. पट्टी वीसने छाटायची? कडं लहान होईल आणि खाचेत बसणार नाही. पुन्हा स्टँड? तीन हात पॉलिश! वीसचा तुकडा वाढवायचा? मग कडं खाचेबाहेर. नवा साचा? तो चार दिवसांचा, मग दाबणं, झाळणं, पॉलिश, आणि समिती सोमवारी. शिवाय आतड्याच्या साच्याचा अपमान.

सगळ्यावर विचार करून, शांतपणे, ठरवलं: सहा लाटा आणि वर ही अर्धी, असू दे. पट्टीचं एक टोक उंचवट्यावर संपतं, दुसरं खळग्यात सुरू होतं. मधे चार बोटांची पायरी पडते. तिथे पितळेचा छोटा तुकडा उभा झाळून टाकू, आणि तो जोड मागे.

आमच्या धंद्याचा हा पहिला नियम. जोड भिंतीकडे. पृथ्वीच्या गोलाला जोड असतो, हृदयाला असतो, ज्वालामुखीला तर दोन असतात. ते मागे जातात. मागची बाजू असतेच त्यासाठी. पंचवीस वर्षांत कुणी माझं हृदय फिरवून पाहिलेलं नाही.

ही म्हणाली, अहो, पण परवा तुम्हीच म्हणालात ना, अर्धीला प्रवेश नाही?

म्हटलं, तो नियम इलेक्ट्रॉनला. हे पितळ आहे.

गुरुवार, १३ मार्च

जोड झाळला. कानस मारली, पॉलिश केलं. समोरून बघितलं तर डोळ्यांत पाणी येईल असा अणू. लाटा कशा एकामागून एक लोळत जातात. मधे केंद्राची लाल गोळी. ती जुनीच, पण चांगली आहे.

मेहुणा आला. समोरून बघून वा वा म्हणाला. मग मागे गेला, जोडापाशी वाकला आणि बोटाने लाटा मोजल्या. मत्सर. एवढा उघड मत्सर मी माणसात प्रथमच पाहिला. मग म्हणाला, भावोजी, अजून तीन दिवस आहेत. एक सांगू का?

म्हटलं, नको.

त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. या भावंडांची ही नजरानजर लग्नाच्या दिवसापासून बघतो आहे. जाताना म्हणाला, माझ्या यंत्रावर साचा उद्या सकाळपर्यंत निघेल, अगदी तुम्हाला हव्या त्या मापाचा. मोबदला वगैरे काही नको.

आपल्या टूथपेस्टमध्ये मला ओढायला बघतो.

सोमवार, १७ मार्च. सकाळी लवकर

दाढी दोनदा केली. निळा कोट. पाटीवर नाव पूर्ण घालायचं की आद्याक्षरं, ते ठरवायचं राहिलं. पूर्ण घालू. अक्षरं उभी, तिरकी नकोत.

सोमवार, १७ मार्च. दुपार

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

दालनाच्या मधोमध भिंत नसते. मधोमध म्हणजे चारी बाजूंनी मोकळं. हे मला तीन तारखेपासून माहीत होतं, पण इतकं मोकळं असेल असं वाटलं नव्हतं.

समिती म्हणजे मॅडम आणि दोन गृहस्थ. एक टक्कल, एक दाढी. मी अणू ठेवला आणि म्हटलं, ही समोरची बाजू, इथून बघायचा. टक्कल म्हणालं, का बरं? म्हटलं, उजेड इथून चांगला पडतो. मॅडम खूश झालेल्या दिसल्या. म्हणाल्या, काका, काय सुंदर काम आहे. आणि त्यांनी लाटेवर बोट ठेवलं. पितळेवर! उघड्या बोटाने! एक, म्हणाल्या, आणि बोट पुढे नेलं. दोन. तीन. चालू लागल्या. चार. मी बरोबर चालू लागलो आणि मधे उभा राहिलो. त्यांनी मला वळसा घातला. पाच. सहा.

बोट पायरीवर अडलं.

म्हणाल्या, हे काय आहे?

म्हटलं, मागची बाजू.

त्यांनी बोट मागे घेतलं, पुन्हा पुढे आणलं. पुन्हा अडलं. दाढी खाली वाकली, टक्कल वाकलं. तिघे माझ्या जोडात डोकी घालून उभे. मग दाढी म्हणाली, पण या तर साडेसहा झाल्या.

मॅडम हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. म्हणाल्या, काका, जगातला कुठलाही अणू केला असतात तरी चाललं असतं. तुम्ही नेमका तोच केलात जो असूच शकत नाही.

टक्कलाने बिस्किट खाऊन भुगा माझ्या स्टँडच्या खाचेत पाडला.

म्हटलं, जोड भिंतीकडे ठेवला तर काही प्रश्न नाही. दाढी म्हणाली, निसर्गाला भिंत नसते. या वाक्यावर ते दोघे एकमेकांकडे बघून खूश झाले. किळसवाणी माणसं. अणू त्यांनी ठेवून घेतला, कळवतो म्हणाले.

घरी हिने अंडी उकडली होती. दोन खाल्ली. ग्रंथ वाचनालयाला परत केला, डागाची तक्रार नोंदवून.

बुधवार, १९ मार्च

जिंकलो!

मॅडमचा फोन. म्हणाल्या, काका, तुमचा अणू आम्हाला हवाय. तुम्ही गेल्यावर त्याच्याभोवती मी कितीदा फिरले असेन. तो दालनात लागणार. पाटीसुद्धा, तुमच्या नावाची.

जसाच्या तसा? विचारलं. म्हणाल्या, अगदी जसाच्या तसा. जोडाला हातही लावू नका.

शेवटी कारागिरी बोलते. हिला सांगितलं. ती म्हणाली, आणि चूक? म्हटलं, तज्ज्ञांना जी चूक वाटत नाही, ती तुझ्याकडून ऐकून घ्यायची माझी तयारी नाही. ती म्हणाली, पाटीवर आणखी काय लिहिणार ते विचारलंत का?

नावाशिवाय पाटीवर आणखी काय असतं?

मेहुण्याला सांत्वनाचा फोन केला. तो म्हणाला, अभिनंदन भावोजी, पण माझंही काम त्यांनी सांगितलंय. बहुतेक बाहेरची दिशादर्शक बाणाची पाटी वगैरे असेल. विचारलं नाही. माणसाला पडल्यावर लाथ मारू नये.

रविवार, ३० मार्च

दालनाचं उद्घाटन. निळा कोट.

मधोमध, मोठ्या दिव्याखाली, मेहुण्याचा अणू. पांढरा. सात लाटा. जोड नाही. यंत्राला जोड लागतच नाही म्हणे. पाटी: ‘अणूतील इलेक्ट्रॉनची लाट’. खाली त्याचं नाव.

त्याच्या उजव्या हाताला माझा. जोड समोर करून. जोडावर एक स्वतंत्र दिवा सोडलेला. पाटी: ‘असा अणू का असू शकत नाही?’ खाली माझं नाव. पूर्ण. उभ्या अक्षरांत.

पाटी तीनदा वाचली.

लोक येत होते. पांढऱ्यापाशी थांबत, बघत, वाचत, पुढे सरकत. माझ्यापाशी आले की बोट लाटेवर ठेवत आणि चालू लागत. पितळेवर बोटांचे डाग, डागांवर डाग. सहा म्हणता म्हणता बोट पायरीवर आपटे आणि प्रत्येक जण ‘अरे!’ म्हणे. मग हसे. मग मागे जाऊन पुन्हा करून बघे. एक बाई नवऱ्याला म्हणाली, बघ, अर्धी आली की जुळतच नाही, म्हणून पूर्णच लागते. नवरा म्हणाला, आत्ता कळलं. दुसरा एक म्हणाला, करणाऱ्याने मुद्दाम किती छान फसवलंय. ही बोलणार होती. कोपर मारलं.

मॅडम म्हणाल्या, काका, बरोबर अणू बघून कुणाला काही प्रश्नच पडत नाही. तुमचा बघून पडतो.

हे कौतुक आहे की काय, ते ठरवायला मला वेळ लागणार.

मेहुणा जवळ आला, हळूच म्हणाला, भावोजी, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाहीये. समजूत काढायला आला होता. त्याचा चांगुलपणा मला सगळ्यात जास्त लागला. नाश्ता न करताच निघालो. तसाही तो कागदी बश्यांत होता.

गुरुवार, ३ एप्रिल

शाळांचे फोन. छर्ऱ्यांचा अणू नको म्हणतात, यापुढे कधीच नको. दालनात आहे तो हवा. चुकीचा. टेबलावर मावेल असा छोटा.

तिघांना नाही म्हटलं. पंचवीस वर्षं अचूक काम केलेला माणूस ठरवून चूक करणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

शुक्रवार, ४ एप्रिल

हिने विचारलं, मग आता शाळांना काय विकणार?

म्हटलं, दात.

ती म्हणाली, दात किती शाळा घेतात?

दाताचा साचा शोधायला माळ्यावर गेलो.

सोमवार, ७ एप्रिल

नीट विचार केल्यावर लक्षात आलं की ती चूक नव्हेच. ते उपकरण आहे. अर्धी लाट नेमकी अर्धीच पाहिजे. पाव किंवा पाऊण झाली तर बोट नीट आपटणार नाही. असं काम ऐऱ्यागैऱ्याचं नाही. तिन्ही शाळांना हो कळवलं. पहिला नग गुरुवारी.

या वेळी भागाकार आधी केला. नवा साचा केला, छोटा म्हणून दिवसात झाला. एक लाट वीस सेंटिमीटर, पट्टी एक मीटर तीस, लाटा साडेसहा. कागदावर तीनदा तपासलं. कुठूनही साडेसहाच येतात.

बुधवार, ९ एप्रिल. दुपार

विश्वास बसत नाही.

पट्टीवर लाटा दाबल्या. कडं वळवलं. टोकं जवळ आणली, पायरीचा तुकडा हातात तयार धरला, आणि पायरी कुठेच नाही. टोकाला टोक. उंचवट्याला उंचवटा. एक केससुद्धा आत जाणार नाही.

मोजल्या. सात.

मग आठवलं. मी पट्टी नेहमी दहा सेंटिमीटर लांब कापतो, जोडाला वाढावा म्हणून, आणि मग छाटतो. कापताना हाताने आपोआप दहा वाढवले. छाटायचं मात्र हात विसरला. एक मीटर चाळीस. सात लाटा.

जाणूनबुजून चूक करायला बसलो तर तीही बरोबर आली. काय म्हणावं या हातांना.

बुधवार, ९ एप्रिल. संध्याकाळ

दुपारभर त्याच्याकडे बघत बसलो. चहा निवला. कडं टेबलावर ठेवून फिरवत होतो. सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, सापडत नाही. समोर नाही, मागे नाही. लाट जाते ती जातच राहते. अशी वस्तू माझ्या हातून यापूर्वी झालेली नाही. छर्ऱ्यांच्या अणूंतही नाही. हे मी इथे लिहितो आहे, कुणाला सांगणार नाही.

हिने बघितलं. बोट ठेवून गोल फिरवलं. दोनदा फिरवलं. म्हणाली, अगं बाई. मग आतून कोरडा फडका आणून तिचे बोटांचे डाग तिनेच पुसले.

मॅडमना फोन केला. बरोबर झालाय म्हटलं. पितळेचा, सात लाटांचा, जोड नाही. मधल्या जागेसाठी बघता का? आधी वा म्हणाल्या. मग म्हणाल्या, काका, बरोबरवाला आहे हो आमच्याकडे. तुमच्याकडून आम्हाला चुकीचाच लागेल. वाईट नका वाटून घेऊ.

म्हटलं, छे, वाईट कसलं, सहज विचारलं.

गुरुवारच्या शाळेलाही विचारलं, हा चालेल का. त्यांनी आवाजातला कंटाळा लपवला नाही. उद्या सकाळी अकराला न्यायला माणूस येणार. चुकीचा.

शिल्लक पट्टी नाही. पितळवाला आता सोमवारीच उघडणार. उपाय एकच: दहा सेंटिमीटर कापून अर्धी लाट काढायची.

सकाळी कापतो. संध्याकाळी उजेड बरोबर नसतो.

गुरुवार, १० एप्रिल

सकाळी हॅकसॉ घेऊन बसलो. पातं मोडलं. दुसरं लावलं, तेही मोडलं. पाती हल्ली कथलाची करतात. दुकानं उघडायला दोन तास. मेहुण्याकडे चांगली करवत आहे, हे मला माहीत आहे, कारण ती मीच त्याला दिली होती.

कडं फडक्यात गुंडाळून गेलो. त्याचं यंत्र चालू होतं. जळक्या प्लॅस्टिकचा वास. नाकाला रुमाल लावला. सांगितलं, दहा सेंटिमीटर कापायचंय. त्याने फडकं सोडलं, कडं उजेडात धरलं, बोट ठेवलं आणि गोल फिरवलं. कितवी झाली हे मोजत होता, ओठ हलत होते. मग त्याने यंत्र बंद केलं आणि करवत काढून दिली.

पितळ कापताना थरथरतं. दुसऱ्या कुणीतरी धरावं लागतं. त्याने दोन्ही हातांनी धरलं. मी करवत टेकवली.

तो म्हणाला, भावोजी, फार सुंदर जमली होती हो.

म्हटलं, नीट धर.